एकतीसनंतरची एक तारीख

आमच्या गल्लीत झाडूवाला येत नाही. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावरच्या खांबापाशी थांबते, कारण पुढे शिरली तर तिला मागे निघता यायचं नाही. म्हणून गल्ली आम्हीच झाडतो, ज्याने त्याने आपल्या उंबरठ्यापासून निम्म्या रस्त्यापर्यंत. निम्मा रस्ता कुठे संपतो हे दाखवायला मधोमध दगडाची पट्टी आहे, वीतभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. समोरचे आपला कचरा पट्टीपर्यंत आणतात, आम्ही आमचा आणतो. पण पट्टीवर साचतो तो ढीग कुणाचा? तो उचलून कोपऱ्यावर नेऊन टाकायचा कुणी? एवढ्याशा प्रश्नावरून पूर्वी आमच्याकडे रोज सकाळी तोंडं सुटायची, आणि ज्यांची सुटायची त्यांच्या घरी दुपारपर्यंत धड चहासुद्धा होत नसे.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या बाजूची शिंपीण आणि समोरची घड्याळजीची आई यांनी एकमेकींच्या अंगावर सुपल्या उपड्या केल्या. आमचा धंदा धुलाई-इस्त्रीचा, चार नंबरच्या घरात, रस्त्यालगतच्या खोलीत. मी तापलेली इस्त्री हातात घेऊन तशीच बाहेर आले. मारायला नव्हे, खाली ठेवायला सवड झाली नाही म्हणून. पण इस्त्री बघून दोघी गप्प झाल्या. त्या गप्प आहेत तोवर मी नियम सांगून टाकला.

समोरच्या घरांचे नंबर एक, तीन, पाच असे, म्हणजे एकीचे. आमचे दोन, चार, सहा, म्हणजे बेकीचे. मी म्हटलं, तारीख एकी असेल त्या दिवशी पट्टीवरचा ढीग एकीच्या बाजूने उचलायचा, बेकी असेल त्या दिवशी आम्ही. दिवसाआड एकेकाची पाळी, भांडायला जागाच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेल्या.

शाळा मी दुसरीपर्यंत केलेली. आकडे शिकले ते कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवरून. एवढ्याशा शिक्षणात असा सरळ नियम आपल्याला सुचला याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या ह्यांना सांगितलं. ते कॉलरवर इस्त्री दाबत होते, हं म्हणाले. हे कशालाही हंच म्हणतात. माझ्या तोंडापुढे दुसरा कुणी टिकलाही नसता.

वर्षभर सगळं सुरळीत. मग एकदा सकाळी नळावर सात नंबरची बेकरीवाली माझ्यासमोर घागर ठेवून उभी राहिली. तेव्हा ती माझी विहीण झालेली नव्हती, नुसतीच आगाऊ होती. आठ-दहा बायकांच्या देखत म्हणाली, "तुमचा नियम मोठा चलाख आहे हो. एकतीस तारीख आमची आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही आमचीच. वर्षातून सात वेळा आम्ही लागोपाठ दोन दिवस ढीग उचलतो, आणि तुम्ही दारात उभ्या राहून बघता."

खरं सांगायचं तर माझ्या पायाखालची फरशी सरकली. महिना संपला की तारीख पुन्हा एकपासून सुरू होते हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण ते आणि हा नियम, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. मला वाटायचं एकी, बेकी, एकी, बेकी, असं हे जन्मभर चालतं. आणि आता दहा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

चलाख, असं ती म्हणाली होती. अडाणी म्हणाली नव्हती. मी तेवढा धागा पकडला. म्हटलं, "मग? नियम करणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडायला नको का?"

बायका हसल्या. तिच्या बाजूच्या बायकासुद्धा हसल्या. त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव पडलं वकीलबाई.

घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून बघितली. बोटांवर मोजलं. सात वेळा, अगदी बरोबर. बेकरीवालीचा हिशेब पक्का, तेवढं मानावं लागेल.

नियम दुसऱ्या दिवशी बदलता आला असता. पण बदलला असता तर का बदलला ते सांगावं लागलं असतं. शिवाय नाव पडलं ते भलतंच कामाला आलं. दोन भावांत माळ्यावरून वाद झाला, आले माझ्याकडे. न्हाव्याच्या दुकानाची पाटी शिंपिणीच्या खिडकीवर येते, आले माझ्याकडे. वकीलबाई, तुम्हीच सांगा. मी सांगायचे आणि लोक ऐकायचे. ऐकायचे ते काही मी शहाणी म्हणून नव्हे. ही बाई कुणालाही गुंडाळून ठेवील, हिच्याशी वाद नको, म्हणून ऐकायचे. मला ते कळत होतं. पण ऐकत होते ना?

पुढे माझ्या लेकीने आणि बेकरीवालीच्या थोरल्याने परस्पर जमवलं. त्यालाही सतरा वर्षं झाली. लेक सोळा पावलांवर दिली, मध्ये फक्त ती पट्टी. जावईबापू भला माणूस, पहाटे तीनला भट्टीपाशी उभा राहतो आणि दिवसभर पिठाने पांढरा असतो. विहीणबाईंनी लग्नात किंवा नंतरही नियमाचा विषय काढला नाही. त्यांनी वेगळीच गोष्ट केली. एकतीसनंतरची एक तारीख आली की त्यांच्या बाजूची पाळी कुणाच्याही घरची असो, त्या स्वतः सुपली घेऊन येत आणि बरोबर माझ्या दारासमोरचा ढीग सावकाश, चमच्याने खीर ढवळावी तसा, उचलत बसत. मी दारात उभी राहून हसून बघायचे. वर्षातून सात वेळा, सतरा वर्षं.

एवढ्यात ती स्पर्धा आली. सबंध देशातल्या नीटनेटक्या आणि देखण्या वस्त्यांची स्पर्धा. अर्ज माझ्या लेकीने भरला. ती बेकरीच्या गल्ल्यावर बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गोड बोलते, आणि कुठल्या सरकारी पत्रकात काय छापलंय ते तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. अर्जात तिने आमची पट्टी लिहिली, एकी-बेकीचा नियम लिहिला, आणि हेही लिहिलं की गेल्या सव्वीस वर्षांत कचऱ्यावरून या गल्लीत एकही भांडण झालं नाही. भांडण झालं नाही हे खरंच. आतल्या आत जे काय चाललं होतं ते विचारायला अर्जात रकाना नसावा.

साडेतीनशे वस्त्यांतून त्यांनी बारा निवडल्या आणि त्यात आम्ही. झालं, गल्लीच्या अंगात आलं. दारं रंगली, खिडक्यांत कुंड्या बसल्या, न्हाव्याने खुर्चीचे पाय घासून असे चमकवले की गिऱ्हाईक बसताना आधी खाली बघायला लागलं. घड्याळजीने दुकानातली सगळी घड्याळं एकाच वेळेवर लावली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. शिंपिणीच्या मांजराला आंघोळ घातली गेली, ते मांजर अजून शिंपिणीशी बोलत नाही. आम्ही आमच्या दुकानातले गठ्ठे उंचीप्रमाणे लावले. हे म्हणाले, हं.

लेक दोन महिने नीट झोपली नाही. कागदात लिहिलं होतं की शंभरातले चाळीस गुण रस्ता बघून नाही, तर माणसं आपसात कामं कशी वाटून घेतात ते बघून मिळणार. त्या चाळिसांवर तिचा सगळा जीव. तिचं म्हणणं, फुलझाडं काय, पैसेवाल्या वस्त्या आपल्यापेक्षा दसपट लावतील. आपल्याकडे नियम आहे, तसा दुसऱ्या कुणाकडे नाही. मी मनात म्हटलं, नसणारच.

मग पत्र आलं. परीक्षक एक तारखेला सकाळी दहा वाजता येणार. लेकीने ते बेकरीच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी नाही वाजवल्या. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, मग पट्टीपलीकडे माझ्याकडे बघितलं.

एक तारीख. आदल्या दिवशी एकतीस.

संध्याकाळपर्यंत एकीच्या बाजूचा निरोप आला. एकतीसचा ढीग आम्ही उचलू, एकचा उचलणार नाही. वकीलबाईंनी दोन्ही बाजूंच्या देखत सांगावं की नियम त्यांनी वाकडा केला होता, मग उचलू. नाही तर राहू दे पडलेला, परीक्षकांनाही दिसू दे. निरोप घड्याळजीने आणला. सांगताना तो माझ्याकडे न बघता आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

मी म्हटलं, सांगा त्यांना, वाकडा नियम सरळ माणसांना दिसत नाही. फार छान बोलले असं मला वाटलं. घड्याळजी गेल्यावर त्याचा अर्थ काय ते माझं मलाच कळेना.

आता यात अडचण अशी होती. माझ्या बाजूच्यांना मी सांगितलं असतं तर त्यांनी मुकाट्याने ढीग उचलला असता. पण पाळी नसताना उचलायचा म्हणजे समोरच्यांचं म्हणणं खरं केल्यासारखं, आणि मग लोक विचारणार, वकीलबाई नमल्या कशा? आणि नियम मी मुद्दाम वाकडा केला होता असं सांगायचं, तर ते खोटं. मी तो वाकडा केलाच नव्हता, तो माझ्या हातून वाकडा झाला होता. पंचवीस वर्षं मी ज्या खोट्याच्या जिवावर ताठ चालत होते तेच खोटं कबूल करायला समोरचे मला सांगत होते. हसावं की रडावं?

तीस तारखेला दुपारी लेक दुकानात आली. बेकरीचा ॲप्रन तसाच अंगावर. हे आतल्या टेबलावर शर्ट दाबत होते. ती गठ्ठ्यावर बसली. मी म्हटलं, उंचीप्रमाणे लावलेत, ऊठ. ती उठली नाही.

"आई, एक विचारते. तू तो नियम मुद्दाम तसा केला होतास का?"

मी म्हटलं, सगळ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट काय विचारतेस.

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला नाही. लग्न होऊन गेले त्या दिवसापासून मी त्या घरात सांगत आलेय, माझी आई तोंडाने फाटकी आहे, पण ती कुणाला फसवणार नाही. सासूबाई हसतात. हे पण हसतात. सतरा वर्षं मी एकटी तसं म्हणतेय. मी खोटी ठरतेय का, एवढंच सांग."

माझ्या हातात पाणी मारायचं भांडं होतं. मी एका चादरीवर पाणी मारलं, मग त्याच चादरीवर पुन्हा मारलं. सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ज्या लेकीला मी हाताला धरून शाळेत सोडलं, आपल्यासारखं राहू नको म्हणून, तिला म्हणायचं की बाई, तुझ्या आईला महिन्याचे दिवस लागोपाठ मोजता आले नाहीत? जीभ उचलेना. मी म्हटलं, भट्टी सोडून आलीस, पाव करपतील. ती गेली. गठ्ठ्यावर तिच्या ॲप्रनचं पीठ राहिलं, ते मी झटकलं नाही.

एक तारखेला सकाळी गल्ली झाडून झाली. दोन्ही बाजूंनी अशी झाडली की दगडाला चमक आली. आणि मध्ये पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कचऱ्याची बारीक रेघ. रंगाचे पापुद्रे, कुंड्यांतली माती, पिठाची भुकटी, आमच्याकडचे सुटलेले दोरे. लोक आपापल्या दारात उभे. सात वाजले, साडेसात वाजले. लेक बेकरीच्या पायरीवर बसली होती, हातात कागद, केस विंचरलेले, नवी साडी, आणि तोंड असं की कुणी गेल्यासारखं.

पावणेआठला मी सुपली आणि झाडू घेतला आणि बाहेर पडले. गुडघे माझे कधीच बंद पडलेत, ओणवं झालं की उठायला भिंत लागते, आणि रस्त्याच्या मधोमध भिंत कुठली. तरी पहिल्या घरापासून सुरुवात केली. तिसऱ्या घरापाशी शिंपीण पुढे आली, मी तिला डोळ्यांनीच परत पाठवली. हे बादली घेऊन मागून चालत होते. सुपली भरली की त्यांनी बादली पुढे करायची. सात नंबरासमोर आले तेव्हा विहीणबाई दारात होत्या. मी त्यांच्याकडे न बघता उचललं. त्यांच्या पाळीचा ढीग मला उचलताना बघायची त्यांना सवय नव्हती. बघायचं कसं, हात कुठे ठेवायचे, ते त्यांना कळत नव्हतं. नऊला पट्टी लख्ख झाली. मी घरी जाऊन पाय पाण्यात ठेवून बसले. मला वाटलं, सुटले. तोंडाने काही म्हणावं लागलं नाही, लेकीचं काम झालं, आणि वकीलबाईंनी मोठं मन दाखवलं असं लोक म्हणतील. असा विचार करणारी मी पहिल्यापासूनचीच.

परीक्षक तिघे होते. एक फोटो काढणारा, एक म्हातारा जो प्रत्येक भिंतीला बोट लावून बोट बघत होता, आणि एक बाई, चाळिशीची, हातात फळी आणि तीवर कागद. म्हाताऱ्याने शिंपिणीच्या दाराला बोट लावलं तर त्याला हिरवा रंग लागला. मग तो दुसऱ्या कशाला हात लावीना. लेक पुढे चालून सगळं दाखवत होती, आणि छान बोलत होती, मला अभिमान वाटला. दोन्ही बाजूंचे लोक मागे. पट्टीपाशी आल्यावर तिने नियम सांगितला आणि माझ्याकडे हात केला. ही माझी आई, हिने ठरवलेला नियम आहे.

त्या बाईंनी मान हलवली, लिहिलं, आणि पेन्सिल थांबवून विचारलं, "आणि एकतीस तारखेनंतर काय करता?"

बघा. गल्लीला जे कळायला वर्ष लागलं ते या बाईला श्वास घ्यायच्या आत दिसलं. शिकलेलं माणूस ते हे.

मी लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तिने माझ्याकडे न बघता, अगदी सरळ आवाजात सांगितलं, "तेव्हा दोन्ही बाजू पाळी बदलून घेतात. आईने पहिल्या दिवसापासून तसंच ठरवलंय."

बाई लिहायला लागल्या. विहीणबाईंनी सुनेकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. दया होती. आणि ते मला सहन झालं नाही. माझी लेक माझ्यासाठी, आपल्या सासूच्या तोंडावर, खोटं बोलत होती आणि माझं खोटं टिकावं म्हणून तिला बोलावं लागत होतं.

मी म्हटलं, "लिहू नका बाई ते. तसं नाहीये."

पेन्सिल थांबली.

"एकतीस तारीख यांची, एक तारीखही यांचीच. सव्वीस वर्षं यांना दर वर्षी सात दिवस जास्त पडतात. मी ते मुद्दाम केलं नव्हतं. मला मोजताच आलं नव्हतं. एकीनंतर बेकीच येते असं वाटलं होतं मला. नंतर लक्षात आलं, पण अडाणी ठरण्यापेक्षा लबाड ठरलेली बरी, म्हणून मुद्दाम केलं असं मी सांगत आले. माझी लेक आत्ता बोलली ती मला झाकायला बोलली. तिचे गुण कापू नका, माझे कापा."

माझे कुठले गुण, पण तोंडातून गेलं ते गेलं.

गल्ली एवढी शांत झाली की घड्याळजीच्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम चालताना ऐकू आली. मला कुठे बघावं कळेना, म्हणून विहीणबाईंकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं. मग ते बंद झालं, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. एवढ्या हसल्या की सुनेचा हात धरावा लागला.

"अहो विहीणबाई," त्या म्हणाल्या आणि मग सगळ्यांकडे वळल्या, "पंचवीस वर्षं मी या बाईला घाबरून आहे. माझ्या पोराच्या लग्नाची बोलणी करायला येताना मी दोनदा पट्टीपासून परत फिरले होते, ही आपल्याला कुठे अडकवील म्हणून. आणि हिला महिना मोजता येत नव्हता."

न्हावी हसला, मग सगळेच. शिंपीण तर भिंतीला टेकली, आणि तीही हिरवी झाली. मला राग यायला हवा होता. पण पाय दुखत होते, आणि मनावरून कसलं तरी ओझं उतरल्यासारखं झालं होतं, पाण्याने जड झालेली चादर पिळल्यावर होते तशी मी हलकी झाले होते. लेकीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती आपल्या नवऱ्याकडे बघत होती, भुवया वर करून. मी सांगत नव्हते? असं. जावईबापूंनी पिठाचे दोन्ही हात जोडले.

परीक्षक बाई म्हणाल्या, मग आता काय करणार? मी म्हटलं, एकतीस तारखेला कुणाचीच पाळी नाही, दोन्ही बाजूंनी मिळून उचलायचं. विहीणबाई लगेच म्हणाल्या, आणि चार वर्षांनी एकदा एकोणतीस दिवसांचा महिना येतो, त्याचं काय? बघा, अजून पिच्छा सोडत नाहीत. मी म्हटलं, त्या दिवशीही मिळून. त्या बाईंनी हे सगळं लिहून घेतलं, पान उलटून मागेसुद्धा लिहिलं.

परीक्षक गेल्यावर मी दुकानात आले. आमचे हे टेबलापाशी उभे होते. मी म्हटलं, ऐकलंत ना, आता हसा तुम्हीही. ते इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "मला माहीत होतं. त्या दिवशी नळावरून येऊन तू कॅलेंडरपाशी बोटं मोजत होतीस, तेव्हा मी इथेच होतो."

पंचवीस वर्षं माहीत होतं आणि हं शिवाय काही बोलले नाहीत. या माणसाला आपण कधी ओळखलं का, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. रात्रीच्या जेवणात त्यांना एक वाढीव भाकरी वाढली.

त्याआधी दुपारी विहीणबाई आल्या. आजवर त्या आमच्या दुकानात कपडे टाकायला यायच्या आणि दारातूनच परत जायच्या. त्या दिवशी आत येऊन बसल्या, नेमक्या गठ्ठ्यावर. म्हणाल्या, तुम्ही चलाख होतात तोवर तुमचा राग करणं सोपं होतं, आता मी काय करू? मी म्हटलं, तोंडाने फाटकी आहे मी, त्याचा करा. त्या म्हणाल्या, त्याचा तर करतेच. मग आम्ही चहा घेतला आणि जावयाच्या पाठदुखीबद्दल बोललो. पहाटे तीनपासून उभं राहून दुसरं काय होणार.

निकाल पाच आठवड्यांनी आला. आमचा तिसरा नंबर. पहिली आली ती कुठली तरी तळ्याकाठची वस्ती, तिच्याकडे म्हणे बदकंसुद्धा रांगेत चालतात. चाळीसपैकी अडतीस गुण आम्हाला, बाराही वस्त्यांत सगळ्यांत जास्त. दुसरीकडे हिरव्या रंगापायी कापले गेले असणार. लेकीने पत्र आधी बेकरीत वाचलं, मग गल्ली ओलांडून आमच्याकडे येऊन पुन्हा वाचलं. एक संध्याकाळ ती जरा हिरमुसली होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षीचा अर्ज कधी निघतो ते विचारायला फोन लावून बसली होती.

गल्लीत मला अजून वकीलबाईच म्हणतात. पण वाद घेऊन पूर्वीएवढे लोक येत नाहीत. आले तर ऐकून घेतात आणि म्हणतात, वकीलबाई, एकदा मोजून बघा हं. परवा न्हाव्याने तसं म्हटलं. मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि मोजून बघितलं. त्याचंच बरोबर निघालं.

आणि मग एकतीस तारीख आली. सकाळी दोन्ही बाजूंची दारं एकदम उघडली. एवढी माणसं एका ढिगाला पुरून उरली. निम्मे नुसतेच कमरेवर हात ठेवून उभे होते. आमच्या दारासमोर मी झाडू धरला, विहीणबाईंनी सुपली धरली. त्या सुपली तिरपी धरतात, कचरा पुन्हा खाली सांडतो. मी म्हटलं, सरळ धरा. त्या म्हणाल्या, तुम्ही आधी हळू लोटा. मी म्हटलं, एवढी वर्षं माझ्या दारात उचलत होतात तेव्हा कशी धरत होतात? त्या म्हणाल्या, अशीच, म्हणून तर वेळ लागायचा.

लेक बेकरीच्या दारातून बघत होती. गिऱ्हाईक पाव मागत होतं, ते तिला ऐकू आलं नाही.